घरची भट्टी आणि रानचा मध

नंदुरबार जिल्ह्यातील धानोरा आणि त्याच्या आसपासच्या गावांत गोडधोडाचा विषय निघाला की पहिला मान गुळाला मिळतो व दुसरा साखरेला. मध घरात असतोच असे नाही. असलाच तर तो फडताळातल्या लहानशा बाटलीत, खोकल्याच्या औषधाशेजारी असतो. ज्या सातपुड्याच्या दऱ्याखोऱ्यांत मधाची पोळी पिढ्यान् पिढ्या उतरवली गेली, त्याच्या पायथ्याशी मध हा अन्नापेक्षा औषध म्हणूनच अधिक ओळखला जावा, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

मध घालून घरच्या घरी भाजलेले गोड पदार्थ ही कल्पना प्रथमदर्शनी परकी वाटण्याचा संभव आहे. वस्तुतः ती तशी नाही. दही, तूप व मध यांचा मधुपर्क देऊन अतिथीचे व वराचे स्वागत करण्याची रीत आपल्याकडे प्राचीन आहे, आणि पंचामृतात मधाचे स्थान आजही कायम आहे. भाजण्याची कलाही खानदेशाला नवी नाही. गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत भाजलेली बट्टी तुपात बुडवून वरणाबरोबर खाणे हा येथील आवडता बेत. खापरावर भाजले जाणारे मांडे हे तर पाककौशल्याची कसोटीच होय. तापी नदी जेथे समुद्राला मिळते त्या सुरतेच्या भट्ट्यांनी नानखटाई लोकप्रिय केली, आणि दिवाळीच्या सुमारास पीठ, तूप व साखर घेऊन गावच्या बेकरीवर नानखटाई भाजून आणण्याचा प्रघात महाराष्ट्रातील अनेक गावांनी अनुभवला आहे. तेव्हा भट्टी आपली आहे, मधही आपलाच आहे. त्यांची गाठ शास्त्रशुद्ध रीतीने कशी घालावी, एवढेच पाहावयाचे आहे.

जगातील अनेक समाजांनी ही गाठ पूर्वीच घातली आहे. जर्मनीत नाताळच्या सुमारास होणारा मसालेदार ‘लेबकुखन’, पोलंडमधील तोरून शहराची मधाची बिस्किटे, रशियातील थरांचा ‘मेदोविक’ केक आणि ज्यू कुटुंबांत नववर्षदिनी केला जाणारा मधाचा केक ही त्याची सुपरिचित उदाहरणे. युरोपात साखर दुर्मीळ व महाग होती, त्या काळात मध हेच गोडीचे मुख्य साधन होते. साखर स्वस्त झाल्यानंतरही हे पदार्थ टिकून राहिले. कारण मधामुळे पदार्थाला येणारा रंग, वास आणि ओलावा साखरेतून मिळत नाही.

मधाची घडण

साखर ही एकच वस्तू आहे. मध हे अनेक वस्तूंचे मिश्रण आहे. मधात साधारणतः ३८ टक्के फ्रुक्टोज म्हणजे फलशर्करा, ३१ टक्के ग्लुकोज म्हणजे द्राक्षशर्करा आणि १७ ते २० टक्के पाणी असते. उरलेल्या भागात माल्टोजसारख्या इतर शर्करा, सेंद्रिय आम्ले, खनिजे, विकरे व परागकण असतात. मधमाशी फुलांतील पातळ मकरंद पोळ्यात आणते, त्यात आपली विकरे मिसळते आणि पंखांच्या वाऱ्याने त्यातील पाणी उडवते. मध पक्व झाला की त्या कोठडीवर मेणाचे झाकण बसते.

या घडणीतून भाजणाऱ्याच्या दृष्टीने चार गोष्टी निष्पन्न होतात. पहिली म्हणजे फलशर्करा साखरेपेक्षा अधिक गोड असल्याने मापाने मध कमी लागतो. दुसरी, मधात पाणी असल्याने पिठातील दूध वा पाणी कमी करावे लागते. तिसरी, मध आम्लधर्मी असल्याने चिमूटभर खाण्याचा सोडा घातला की आंबटपणा जातो आणि पदार्थ फुगण्यासही मदत होते. चौथी, मधातील शर्करा उष्णतेने लवकर तांबूस होतात. म्हणून आच मंद ठेवावी लागते, अन्यथा पदार्थ वरून करपतो आणि आतून कच्चा राहतो.

व्यवहारात याचे सूत्र सोपे आहे. जेथे एक वाटी साखर सांगितली असेल तेथे पाऊण वाटी मध घ्यावा, दूध किंवा पाणी तीन ते चार मोठे चमचे कमी करावे, आणि पदार्थात सोडा नसेल तर पाव चहाचा चमचा सोडा घालावा. विजेची भट्टी असल्यास तिचे तापमान नेहमीपेक्षा सुमारे १५ अंश सेल्सिअस कमी ठेवावे. मध हवेतील ओलावा धरून ठेवतो. त्यामुळे मधाचा केक तिसऱ्या दिवशीही मऊ राहतो. उलटपक्षी मधाची बिस्किटे उघडी राहिली तर लवकर सादळतात. केकला जो गुण, तोच बिस्किटाला दोष.

वाटी आणि तराजू

येथे एका गैरसमजाचे निराकरण करणे अगत्याचे आहे. ‘पाऊण वाटीत भागते, म्हणजे गोड कमी पोटात जाते,’ असा तर्क अनेक घरांत केला जातो. २४० मिलिलिटरच्या एका वाटीत साखर सुमारे २०० ग्रॅम मावते. पाऊण वाटी मध मात्र सुमारे २५५ ग्रॅम भरतो, कारण मध पाण्याच्या सुमारे १.४ पट जड आहे. या २५५ ग्रॅममधील पाणी वजा केले तरी शर्करा २०० ग्रॅमच्या आसपासच उरते. ऊर्जेचा हिशेबही तसाच आहे. शंभर ग्रॅम साखरेत सुमारे ३८७ आणि शंभर ग्रॅम मधात सुमारे ३०४ किलोकॅलरी धरल्या, तर एक वाटी साखर आणि पाऊण वाटी मध या दोहोंतून प्रत्येकी सुमारे ७७५ किलोकॅलरी मिळतात. वाटीने मोजता मध कमी दिसतो. तराजूवर दोघे समान ठरतात.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत मधातील शर्करेची गणना मोकळ्या शर्करेतच केली आहे, आणि अशी शर्करा दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या दहा टक्क्यांपेक्षा कमी असावी असे सांगितले आहे. दोन हजार किलोकॅलरींच्या आहारात ही मर्यादा ५० ग्रॅम होते. मधुमेही व्यक्तीला ‘हे मधाचे आहे, चालेल’ असे सांगणे म्हणूनच चुकीचे होय. मधाचे महत्त्व त्याच्या स्वादात, गुणात आणि तो देणाऱ्या माशीच्या कार्यात आहे. तो पथ्याची सवलत नव्हे.

घरच्या भट्टीतील काही पदार्थ

खेड्यातील घरी विजेची भट्टी असण्याची आवश्यकता नाही. जाड बुडाचे मोठे पातेले घ्यावे, तळाशी दोन बोटे स्वच्छ कोरडी वाळू पसरावी, तीवर लोखंडी कडे ठेवावे आणि झाकण लावून मंद आचेवर दहा मिनिटे तापू द्यावे. ही झाली घरची भट्टी. चुलीवर काम असेल तर झाकणावरही थोडे निखारे ठेवावेत, म्हणजे उष्णता खालून-वरून सारखी मिळते. कुकर वापरायचा झाल्यास त्याची शिटी व रबरी कडी काढून ठेवावी आणि आत पाणी घालू नये.

रव्याचा मधाचा केक: दोन वाट्या बारीक रवा, एक वाटी ताजे दही, पाऊण वाटी मध व अर्धी वाटी पातळ तूप एकत्र करून अर्धा तास झाकून ठेवावे. रवा फुगून मिश्रण घट्ट झाल्यास थोडे दूध घालावे. वेलदोड्याची पूड आणि शेवटी अर्धा चहाचा चमचा सोडा घालून हलक्या हाताने ढवळावे. तुपाचा हात लावलेल्या डब्यात अर्ध्यापर्यंतच मिश्रण भरावे आणि तापलेल्या पातेल्यात मंद आचेवर ४० ते ४५ मिनिटे भाजावे. मध्यभागी सुरी खुपसून पाहावी. ती कोरडी निघाली की केक झाला असे समजावे. सोडा घातल्यानंतर मिश्रण थांबवून ठेवू नये. तयार झालेला वायू निघून जातो व केक बसतो.

ज्वारीची नानखटाई: एक वाटी ज्वारीचे पीठ व एक वाटी गव्हाचे पीठ चाळून त्यात पाव चहाचा चमचा सोडा आणि चिमूटभर मीठ मिसळावे. पाऊण वाटी थिजलेले तूप फेसून त्यात अर्धी वाटी मध घालावा आणि मावेल तितकेच पीठ मिसळून गोळे करावेत. दूध किंवा पाणी घालू नये. मंद आचेवर १५ ते २० मिनिटांत, कडा तांबूस होताच, नानखटाई उतरवावी. ती गरम असताना मऊ लागते. निवल्यावर घट्ट होते. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो, त्यामुळे निव्वळ ज्वारीचे बिस्किट भुगा होते. येथे मध बांधणीचे काम करतो. मात्र साखरेच्या नानखटाईचा खुसखुशीतपणा यात पूर्णपणे येत नाही. तो हवा असल्यास निम्मा मध व निम्मी पिठीसाखर घ्यावी. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून पाळले, तेव्हापासून ज्वारी-बाजरीच्या बिस्किटांना शहरी ग्राहकही विचारू लागला आहे, हे येथे लक्षात घ्यावे.

बट्टीचा चुरमा: निखाऱ्यात भाजलेली बट्टी गरम असतानाच फोडून तूप घालून चुरावी. चुरा कोमट झाला की त्यात मध, भाजलेले तीळ व खोबरे मिसळावे. यात मध भट्टीत जात नाही, हा याचा विशेष होय.

याच रीतीने भगरीची खीर, दलियाची लापशी किंवा नाचणीचे सत्त्व हेही मधाने गोड करता येते. पदार्थ चुलीवरून उतरवून बोट सोसेल इतका निवला की मगच मध घालावा.

तापविण्याचा प्रश्न

आयुर्वेदाने मध तापविण्याचा निषेध केला आहे, आणि अनेक वडीलधारी मंडळी मधाचा केक म्हणताच हा आक्षेप घेतील. तो झटकून टाकण्याजोगा नाही. आधुनिक रसायनशास्त्राच्या दृष्टीनेही उष्णतेने मधातील विकरे नष्ट होतात आणि हायड्रॉक्सीमिथाइलफरफ्युरल नावाचे द्रव्य वाढते. मध किती तापवला गेला वा किती जुना झाला, हे ओळखण्यासाठी प्रयोगशाळा याच द्रव्याचे प्रमाण मोजतात. गूळ, साखर वा भाजलेली कॉफी यांतही उष्णतेने हे द्रव्य तयार होते, आणि जगभर मधाचे भाजलेले पदार्थ शतकानुशतके खाल्ले जात आहेत. यावरून व्यवहार्य मार्ग असा दिसतो की, जे घर आयुर्वेदाचा संकेत पाळते त्याने चुरमा, खीर व लापशी यांसारखे निवल्यावर मध घालावयाचे पदार्थ करावेत. ज्यांना केक वा नानखटाई करावयाची आहे त्यांनी ती आनंदाने करावी, मात्र भट्टीतून निघालेल्या मधाकडून औषधी गुणांची अपेक्षा धरू नये. उत्तम प्रतीचा रानमध भट्टीत घालणे हा त्या मधाचाही अपव्ययच होय.

बाटलीत गोठून दाणेदार झालेला मध बिघडला असे समजून टाकून देण्याची चूक पुष्कळदा होते. द्राक्षशर्करेचे स्फटिक बनणे हा मधाचा स्वभाव आहे. बाटली कोमट पाण्यात ठेवली की तो पुन्हा पातळ होतो. ती आचेवर ठेवू नये. मध आम्लधर्मी असल्याने तो तांब्यापितळेच्या भांड्यात साठवू नये. काचेची बरणी सर्वांत चांगली.

मधाचे बोट कोणाला नाही

नवजात बालकाच्या जिभेला मध लावण्याची चाल महाराष्ट्रातील अनेक घरांत, शिकलेल्या व न शिकलेल्या, आजही आढळते. तिच्यामागे माया असते, यात शंका नाही; परंतु ती धोक्याची आहे. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जंतूची बीजुके मधात असू शकतात. मोठ्या माणसाच्या आतड्यात ती वाढू शकत नाहीत. एक वर्षाच्या आतील बालकाच्या आतड्यात मात्र ती रुजून विष निर्माण करू शकतात. बद्धकोष्ठ, दूध ओढण्याची शक्ती कमी होणे, रडण्याचा आवाज क्षीण होणे, मान न धरता अंग लुळे पडणे ही त्याची लक्षणे होत. अशा बालकाला तत्काळ रुग्णालयात न्यावे लागते. श्वासाचे स्नायू दुबळे झाले तर प्राणावर बेतते.

ही बीजुके घरच्या भट्टीत मरत नाहीत. केकच्या गाभ्याचे तापमान १०० अंश सेल्सिअसच्या आसपासच राहते, तर त्यांचा नाश करण्यास दाबाखालील १२१ अंशांची वाफ लागते. म्हणून एक वर्ष पूर्ण होईपर्यंत बालकाला मध देऊ नये आणि मध घातलेली खीर, केक वा बिस्किटही देऊ नये. जन्मानंतर पहिल्या तासात आईचे दूध, आणि सहा महिने केवळ आईचेच दूध, हा नियम आहे. ज्या जिल्ह्यात बालकांचे पोषण हा शासनाच्या व समाजाच्या चिंतेचा विषय आहे, तेथे ही एक सूचना अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्ती, सुईण आणि घरातील आजी यांच्यापर्यंत पोहोचणे हे शंभर पाककृतींपेक्षा मोलाचे आहे. आजीला दटावून हे साधणार नाही. ‘बाळाचा पहिला वाढदिवस होऊ द्या, मग मधाचे बोट तुमच्याच हातचे,’ असे सांगितले तर तिचा मानही राहील आणि बालकही सुरक्षित राहील.

मध येतो कोठून

महाराष्ट्रात प्रामुख्याने आग्या, सातेरी, फुलोरी आणि परदेशातून आलेली मेलिफेरा या मधमाशा आढळतात. त्यांपैकी सातेरी व मेलिफेरा पेटीत पाळता येतात. आग्या माशी उंच झाडांवर व कड्यांवर मोठे पोळे बांधते आणि ती पाळता येत नाही; रानमधाचा मोठा वाटा तिचाच असतो. पेटाऱ्याचा धूर करून वा जाळ करून माशा मारावयाच्या, संपूर्ण पोळे कापावयाचे आणि हाताने पिळून मध काढावयाचा, ही जुनी पद्धत सर्वस्वी नुकसानीची आहे. पिळलेल्या मधात अंडी-अळ्यांचा रस मिसळतो, पाण्याचे प्रमाण वाढते आणि मध लवकर आंबतो. शिवाय वसाहत नष्ट झाल्याने पुढील हंगामाचा मधही जातो. याउलट, संरक्षक पोशाख घालून पोळ्याचा केवळ मधाचा भाग कापावा व अळ्यांचा भाग तसाच ठेवावा, म्हणजे माशा तेच पोळे पुन्हा भरतात. झाकण बसलेला पक्व मधच काढला तर त्यातील पाणी २० टक्क्यांच्या मर्यादेत राहते आणि तो टिकतो. बाजारात अशा मधाला वेगळा भाव मिळू शकतो.

माशीचे महत्त्व मधापुरते मर्यादित नाही. तीळ, सूर्यफूल, कारळे, कांद्याचे व धन्याचे बियाणे, तसेच वेलवर्गीय भाज्या यांचे परागीकरण तिच्यावर मोठ्या प्रमाणात अवलंबून असते. फुलोऱ्याच्या काळात भर दुपारी कीटकनाशक फवारणारा शेतकरी आपल्याच पिकाचे नुकसान करीत असतो. फवारणी संध्याकाळी, माशा परतल्यावर केली तर हे टळते.

या क्षेत्रात मार्गदर्शन उपलब्ध आहे. पुण्याची केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून कार्यरत आहे. महाराष्ट्र राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाचे मध संचालनालय महाबळेश्वर येथे आहे, आणि मंडळाच्या मध केंद्र योजनेतून प्रशिक्षण व साहित्यासाठी साहाय्य दिले जाते. महाबळेश्वर तालुक्यातील मांघर हे गाव २०२२ मध्ये देशातील पहिले ‘मधाचे गाव’ म्हणून पुढे आले. सह्याद्रीतील एका लहान गावाला जे साधले, त्याचा अभ्यास सातपुड्याच्या गावांनीही करावा.

ग्रामसभेच्या हाती

१ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या नंदुरबारचा मोठा भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेला गौण वनोपजाबाबत अधिकार दिले. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजांच्या व्याख्येत मध व मेण यांचा स्पष्ट उल्लेख केला आणि ते गोळा करण्याचा, वापरण्याचा व विकण्याचा हक्क मान्य केला. कोणत्या कड्यावरील पोळी कोणत्या महिन्यात काढावयाची, जाळ करण्यास बंदी घालावयाची की नाही, हे ठरविण्यास ग्रामसभेसारखे दुसरे व्यासपीठ नाही. हक्काबरोबर राखण्याची जबाबदारीही तिच्याकडे येते.

महिला बचत गटांना मधाच्या पदार्थांत लहानसा उद्योग दिसू शकतो. मध साखरेच्या कित्येक पट महाग असल्याने असे पदार्थ रोजच्या ताटात येणार नाहीत, ही वस्तुस्थिती आहे. सणावारी व बाजारात विकण्यासाठी मात्र त्यांना वाव आहे. सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या यात्रेत किंवा नंदुरबारच्या बाजारात ज्वारी व मधाची नानखटाई ठेवता येईल. त्यासाठी अन्नसुरक्षा कायद्यानुसार नोंदणी करावी, वेष्टनावर घटक, वजन व तारीख छापावी, आणि ‘एक वर्षाखालील बालकांस देऊ नये’ ही ओळ ठळक अक्षरांत द्यावी. मध शुद्ध आहे की नाही हे पाण्यात थेंब सोडून वा काडी पेटवून खात्रीने ठरत नाही. साखरेच्या पाकाची आधुनिक भेसळ केवळ प्रयोगशाळेतच उघडकीस येते. म्हणून ज्या मधाचे पोळे, गाव आणि काढणारा माहीत आहे, तोच मध घ्यावा. धानोऱ्यासारख्या गावाला हे शहरापेक्षा सोपे आहे.

शाळेत शिक्षकांनी वाटी आणि तराजूचा हिशेब एकदा मुलांकडून करवून घेतला, तर गणित, विज्ञान व आरोग्य यांचा एक पाठ एकाच तासात होईल. मुले तो घरी नेतील. एखाद्या घरात वाळूच्या पातेल्यात केक फुगेल. एखाद्या आजीचे मध लावलेले बोट बाळाच्या ओठांपाशी थांबेल. सातपुड्याच्या मधाची खरी किंमत या दोन्ही गोष्टी जाणणाऱ्या गावालाच कळेल.